हॅवलॉकवर तीन महिने राहून आल्यावर: खोली कुठे घ्यावी, पाणी कधी बघावं

डिसेंबरच्या शेवटी आईला घेऊन अंदमानला गेले ती मार्च संपताना परतले. काम घरून चालत होतं, म्हणून मुक्काम तिथल्या हॅवलॉक बेटावर टाकला. 2018 पासून त्याचं नाव स्वराज द्वीप आहे, पण बोटीवाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळे अजून हॅवलॉकच म्हणतात. परतल्यावर ओळखीच्यांपैकी जो तो विचारतो, "कुठे राहायचं, किती दिवस?" म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पहिली चूक आमची होती. पाच नंबरला, म्हणजे विजयनगरच्या किनाऱ्यावर, अगदी समुद्राला लागून खोली घेतली आणि त्याचे भरपूर पैसे मोजले. फोटोत पायरीशी निळं पाणी होतं. दुपारी पोचलो तर समोर नुसते खडक, वाळू आणि दूर कुठेतरी पाण्याची रेघ. आई म्हणाली, "अगं, हा समुद्र गेला कुठे?" हॉटेलवाल्याने खोटं काही सांगितलं नव्हतं, फोटो भरतीचा होता एवढंच. माझा जन्म दापोलीचा, माझ्या हे आधी लक्षात यायला हवं होतं. हॅवलॉकला पाण्याची चढउतार मुंबईच्या निम्मीसुद्धा नाही, पण पूर्वेकडचा तळ इतका सपाट आहे की थोडं पाणी उतरलं तरी समुद्र दोन-तीनशे पावलं मागे सरकतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास तर फारच.

तेव्हा माझी पहिली शिफारस अशी: तिकिटं काढण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढा. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते; आईने पहिल्या आठवड्यात तोच हिशेब लावून पाहिला आणि तो तिथे साफ चुकला. मग घरमालकीण बौदींनी (बौदी म्हणजे बंगालीत वहिनी) भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने महिनाभराच्या वेळा लिहून दिल्या. त्या कागदावर आमचे तीन महिने चालले. भरती असेल तेव्हा पाच नंबरला पोहायचं, ओहोटीला स्कूटरवरून सात नंबर गाठायचं.

सात नंबर म्हणजे राधानगर. जेट्टीपासून साधारण बारा किलोमीटर, पश्चिमेला तोंड, मागे उंच झाडांचं दाट जंगल, आणि वाळू इतकी मऊ की आईचे गुडघे तिथे कधी कुरकुरले नाहीत. 2020 मध्ये या किनाऱ्याला ब्लू फ्लॅग हे स्वच्छ किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं, आणि स्वच्छता खरोखर तशी आहे. मात्र दुपारी तीनच्या आत पोचा. हे बेट पुण्याच्या इतकं पूर्वेला आहे की घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य सव्वा तास आधी जातो. जानेवारीत साडेपाचच्या आत सूर्यास्त होऊन जायचा आणि पाठोपाठ काळोख. याची भरपाई पहाटे होते. काळापत्थरच्या रस्त्यावर सकाळी सहाला समुद्रातून वर येणारा सूर्य आई रोज बघायची, अर्घ्य द्यायची.

वाळूत आडवं व्हायचा मोह मात्र आवरा. वाळूमाशी डोळ्यांना दिसत नाही, चावलेली कळत नाही. दुसऱ्या दिवशी पोटऱ्यांवर लाल पुरळ उठतं आणि खाजवलं तर जखमा होतात. माझ्या डाव्या पायावरचे डाग अजून आहेत. जाड थर देऊन खोबरेल लावा आणि चटईऐवजी खुर्चीवर बसा. दुसरी गोष्ट मगरींची. तिवरं आणि खाडीचं तोंड असेल तिथे पाण्यात अजिबात उतरू नका. 2010 साली इथेच एका परदेशी महिलेचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला होता. फलक लावलेले आहेत, ते वाचा, आणि जीवरक्षक शिट्टी वाजवेल तेव्हा वाद न घालता बाहेर या.

एकदा आईने देवघरासाठी छोटा शंख उचलला. ओंजळीत धरला तसे आतून सुईसारखे पाय निघाले आणि तो तिच्या तळव्यावरून चालू लागला. आत संन्यासी खेकडा होता. आईने तो परत पाण्याच्या कडेला ठेवला, आणि त्यानंतर मोकळा शिंपलाही कधी उचलला नाही. तुम्हीही उचलू नका. प्रवाळ नेणं गुन्हा आहे, आणि विमानतळावर बॅगा तपासल्या जातात.

जेवणाचं म्हणाल तर आम्ही बंगाली घरीच जास्त रमलो. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना 1950 च्या दशकात इथे वसवलं. गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर ही गावांची नावं त्यांच्याबरोबरची. बाजारातल्या साध्या खानावळीत भात, डाळ आणि मोहरीतला मासा मिळतो, त्याच्यापुढे मोठ्या रिसॉर्टचं जेवण फिकं. भाजी, दूध बोटीने येतं, त्यामुळे महाग, आणि हवा बिघडली की तेही नाही. चहा-पोह्यांचं सामान बरोबर न्या.

इंटरनेटची भीती वाटत होती, पण 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून परिस्थिती बरी आहे. माझ्या बैठका बहुतेक नीट झाल्या. जिथे राहणार तिथे जनरेटर आहे का, एवढं मात्र विचारून घ्या.

डायव्हिंग करणार असाल तर ते मुक्कामाच्या सुरुवातीला उरका. शेवटच्या डुबकीनंतर निदान 18 तास विमानात बसायचं नसतं. आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री हॅवलॉकवर अजिबात राहू नका. फेब्रुवारीत माझी बहीण आली होती. वारा सुटला, दुपारची बोट रद्द झाली आणि तिचं दुसऱ्या दिवशीचं विमान हुकलं. ती रात्र पोर्ट ब्लेअरला (2024 पासून श्री विजयपुरम) काढा आणि सेल्युलर जेलसाठी अख्खी सकाळ ठेवा. सावरकरांच्या कोठडीत आई बराच वेळ भिंतीला हात लावून उभी होती. मागे रांग होती, पण कुणी घाई केली नाही.

यंदा परत जायचं ठरलं आहे. खोली पाच नंबरलाच घेणार, पण रस्त्याच्या आतल्या बाजूची, बौदींच्या शेजारची. दोन मिनिटं चालावं लागतं आणि भाडं निम्मं आहे. डिसेंबरच्या भरतीच्या वेळा त्यांनी आत्ताच पाठवल्या आहेत.