सात महिने, रोज पंधरा मिनिटं: इंग्रजी स्वर ऐकायला शिकवणारं ॲप

माझं इंग्रजी तसं वाईट नाही, कामाचे निम्मे कॉल त्यातच चालतात. पण एकदा टीममधल्या एकीने विचारलं, ‘डेटचं काय?’ आणि मी बिनधास्त तारीख सांगून टाकली. ती विचारत होती घाईघाईत लिहिलेल्या कोडच्या उधारीबद्दल. दोन शब्द वेगळे आहेत हे मला माहीत होतं, स्पेलिंगही येत होतं. कानाला मात्र दोन्ही एकच ‘डेट’. त्याच आठवड्यात हे ॲप घेतलं.

काम साधं आहे. एक शब्द ऐकू येतो, समोर दोन बटणं, त्यातलं एक दाबायचं, बरोबर की चूक ते लगेच कळतं. दोन्ही शब्दांत फरक एकाच ध्वनीचा असतो, अशा जोड्यांना मिनिमल पेअर म्हणतात. पहिल्या आठवड्यात शिप-शीपमध्ये शंभरातले पंचावन्न बरोबर आले. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी पन्नास आलेच असते!

माझी अडचण शाळेतल्या वेलांट्यांची होती. शिप पहिली, शीप दुसरी. एक आखूड, एक लांब, संपलं. पण इंग्रजीत लांबी फसवते. ट, प, क यांच्या आधी स्वर आखडतो आणि ड, ब, ग यांच्या आधी ऐसपैस होतो. त्यामुळे ‘बीट’मधली ई कधीकधी ‘बिड’मधल्या इ-एवढीच भरते. मी लांबी मोजत बसायचे आणि नेमकी तिथेच चुकायचे. खरा फरक जिभेचा आहे. ई-ला ती वर, पुढे, ताणलेली असते. इ-ला जरा खाली आणि सैल. मला उपयोगी पडलेली युक्ती अशी: शिप म्हणताना मनात थोडा ए आणायचा.

ए-चं प्रकरण त्याहून अवघड, आणि मराठी माणसाने खरं तर तिथूनच सुरुवात करावी. आपण लेट एकाच तऱ्हेने लिहितो, मग उशीर झालेला असो की ‘करू दे’ म्हणायचं असो. वजनाचं वेट आणि ओलं वेट, चाचणीची टेस्ट आणि चवीची टेस्ट, सगळं तसंच. आपला ए जागचा हलत नाही. इंग्रजीत उशिराच्या लेटमधला स्वर ए-पाशी सुरू होऊन इ-कडे सरकतो. दुसऱ्या लेटमधला हलत नाही, शिवाय आपल्या ए-पेक्षा तोंड किंचित जास्त उघडतं. हे सरकणं ऐकायला मला दोन महिने लागले. एकदा ऐकू आलं आणि मग सगळीकडे तेच ऐकू यायला लागलं, बातम्यांतसुद्धा. बेड-बॅडला मात्र त्रास नाही. ॲ आपण केव्हाच आपलासा केलाय.

आता तक्रारी. सुरुवातीचे सगळे धडे एकाच बाईच्या आवाजात आहेत. तिच्या शब्दांवर मी नव्वदच्या पुढे गेले, आणि नवा पुरुषी आवाज आला तसं धाडकन साठवर! लोगन, लाइव्हली आणि पिसोनी या संशोधकांनी जपानी लोकांना इंग्रजी र आणि ल ओळखायला शिकवताना मुद्दाम अनेकांचे आवाज वापरले होते, तेही १९९१ मध्ये. ॲपवाल्यांनी हे पहिल्या दिवसापासून करायला काय हरकत होती? सेटिंगमध्ये ‘मिश्र आवाज’ आहे, तेवढं आधी चालू करा.

दुसरं म्हणजे बोलण्याचा विभाग निकामी आहे. मी शिप म्हटलं काय आणि शीप म्हटलं काय, हिरवी खूण ठरलेली. शेवटी ‘प्रात’ उतरवून घेतलं. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या बूर्स्मा आणि वेनिंक यांनी बनवलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, दिसायला रूक्ष, पण खोटं कौतुक करत नाही. त्यात स्वराचा पहिला फॉर्मंट, म्हणजे तोंडाच्या पोकळीत आवाज जिथे जास्त घुमतो त्यातली सगळ्यात खालची कंपनसंख्या, बघायचा. जीभ खाली गेली, तोंड उघडलं की आकडा वाढतो. पीटरसन आणि बार्नी यांच्या १९५२ च्या अमेरिकन मोजणीत बायकांच्या आवाजात ई साधारण ३१० हर्ट्झ आणि इ ४३० आहे. माझे आकडे आले ३४० आणि ३५५. म्हणजे आयुष्यभर मी एकच स्वर कमीजास्त ताणत होते! चार महिन्यांनी इ ४१० पर्यंत पोचली. त्यासाठी आरशासमोर बरीच वेडीवाकडी तोंडं केली, ते जाऊ दे.

आजची स्थिती: शिप-शीप मिश्र आवाजात ९२, दोन्ही लेट ८८. फुल-फूल (‘भरलेलं’ आणि ‘मूर्ख’) अजून सत्तरीत अडकलंय, तिथेही माझं लक्ष लांबीकडेच जातं. झोपायची कॉट आणि ‘पकडलं’ या अर्थाचं कॉट ही जोडी मी बंद करून टाकली आहे. कित्येक अमेरिकन स्वतःच ती सारखी म्हणतात, आणि ॲप त्यांचेच आवाज ऐकवून मला चूक ठरवत होतं.