पोस्टग्रेसमधील निकालांची मर्यादा: वाशी बाजारातील वापरावरून परीक्षण

वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातील काही अडत्यांसाठी आवक, गोण्या आणि दर यांच्या नोंदी ठेवणारी प्रणाली आम्ही महापे येथील कार्यालयातून चालवतो. तिचा पाया असलेल्या पोस्टग्रेस या मुक्त स्रोत डेटाबेसच्या एकाच अंगाविषयी येथे लिहीत आहे, ते म्हणजे क्वेरीने (डेटाबेसला केलेल्या विचारणेने) किती ओळी परत द्याव्यात हे ठरवण्याची सोय. मोबाईलच्या पडद्यावर आम्ही एका वेळी २० नोंदी दाखवतो. लाखो नोंदींतून त्या २० झटपट आणणे आणि त्या योग्य त्याच असणे, या दोन्ही कसोट्यांवर ही सोय तपासायला हवी.

वेगाच्या बाबतीत तक्रारीला फारशी जागा नाही. ज्या रकान्यावर क्रम लावायचा त्यावर इंडेक्स (क्रमाने लावलेली शोधसूची) असेल, तर डेटाबेस इंडेक्सच्या टोकापासून वाचू लागतो आणि २० ओळी मिळताच थांबतो. इंडेक्स नसेल तेव्हा सगळे टेबल वाचावे लागते. मात्र सगळ्या ओळींची क्रमवारी न लावता त्या क्षणापर्यंतच्या सर्वोत्तम २० ओळीच स्मृतीत धरल्या जातात. क्वेरी कशी चालली हे दाखवणाऱ्या एक्सप्लेन अॅनलाइझ या आज्ञेच्या निकालात ‘टॉप-एन हीपसॉर्ट’ असे दिसते ते हेच, आणि २००८ च्या ८.३ आवृत्तीपासून ते उपलब्ध आहे.

योग्यतेची जबाबदारी मात्र क्वेरी लिहिणाऱ्यावर राहते. क्रम ठरवणारे ऑर्डर बाय न लिहिता ओळींची संख्या मर्यादित करणारे नुसते लिमिट लावले, तर कोणत्या २० ओळी येतील याची कोणतीही हमी नाही, आणि अधिकृत दस्तऐवजातही हे स्पष्ट नमूद आहे. केवळ वेळेवर क्रम लावणेही पुरत नाही, कारण पहाटे गाड्या रिकाम्या होत असताना एकाच वेळेच्या अनेक नोंदी पडतात. म्हणून वेळेच्या जोडीला नोंद क्रमांक द्यावाच.

सर्वांत मोलाची वाटलेली सुविधा म्हणजे सप्टेंबर २०२० मध्ये १३ व्या आवृत्तीत आलेले ‘विथ टाईज’. दिवसातील सर्वाधिक दराचे १० गाळे दाखवायचे आहेत आणि दहाव्या व अकराव्या गाळ्याचा दर अगदी सारखा आहे, अशा वेळी साधे लिमिट त्यांपैकी एकाला निमूटपणे वगळते. ज्याचे नाव वगळले जाते त्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने तो अन्यायच असतो. ‘फेच फर्स्ट १० रोज विथ टाईज’ असे लिहिले की बरोबरीतले सगळे येतात, मग ओळी ११ होवोत की १४. येथे एक पथ्य पाळावे लागते: क्रमात नोंद क्रमांक घालायचा नाही, नाहीतर बरोबरीच उरत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये टॉप (तिथले लिमिटसारखे कलम) याबरोबर ही सोय बऱ्याच आधीपासून होती, त्यामुळे पोस्टग्रेसने उशीर केला हे मान्य करावे लागेल.

सुरुवातीच्या ठरावीक ओळी वगळून पुढचे पान देणाऱ्या ऑफसेटबद्दल मात्र माझे मत अनुकूल नाही. पहिल्या काही पानांपुरते ते ठीक चालते; पण वगळलेल्या ओळीही डेटाबेसला वाचाव्याच लागतात, त्यामुळे पान जितके मागचे तितका वेळ वाढत जातो. शिवाय पहिले पान पाहून होईपर्यंत वर नव्या नोंदी आल्या, तर आधी पाहिलेल्याच काही ओळी दुसऱ्या पानावर पुन्हा दिसतात. शेवटच्या ओळीची वेळ आणि क्रमांक यांची जोडी पुढच्या क्वेरीत अट म्हणून देणे हा यावर चांगला उपाय आहे. अशी जोडीची तुलना पोस्टग्रेस थेट समजून घेते आणि त्या दोन रकान्यांवरच्या इंडेक्सचा उपयोगही करते. मात्र मग थेट पन्नासाव्या पानावर उडी मारता येत नाही, म्हणून गाळ्यावरच्या मेहताजींसाठी तारखेनुसार शोध वेगळा द्यावा लागतो.

एक खरी उणीव प्लॅनरची, म्हणजे क्वेरी कोणत्या मार्गाने चालवायची हे ठरवणाऱ्या डेटाबेसच्या भागाची आहे. अलिबागचा पांढरा कांदा प्रामुख्याने उन्हाळ्यात येतो. त्याच्या ताज्या २० नोंदी दिवाळीच्या सुमारास मागितल्या, तर प्लॅनर त्या नोंदी वर्षभर सारख्या विखुरलेल्या आहेत असे धरून वेळेच्या इंडेक्सवरून मागे जाण्याचा मार्ग निवडू शकतो. मग त्या २० ओळी हाती येईपर्यंत कित्येक महिन्यांच्या लाल कांद्याच्या आणि बटाट्याच्या नोंदी तपासल्या जातात, म्हणजे लिमिट लावल्यामुळेच क्वेरी मंदावते. वाण आणि वेळ असा जोड इंडेक्स केला की हा प्रश्न सुटतो. हंगामी मालाच्या नोंदी ठेवणाऱ्यांनी तो सुरुवातीलाच करून ठेवावा.