कोलेस्टेरॉल पावडर (९९ टक्के शुद्ध): डीपीपीसी लिपोसोममध्ये काही महिने वापरल्यावर

डीपीपीसी हे एक फॉस्फोलिपिड, आणि लिपोसोम म्हणजे अशा लिपिडच्या पटलाचे पाण्यातले सूक्ष्म फुगे. ४० मोल टक्के (म्हणजे शंभरातले ४० रेणू) कोलेस्टेरॉल असलेल्या डीपीपीसीच्या नमुन्यात डीएससीवर (नमुना तापवताना शोषली जाणारी उष्णता मोजणारं उपकरण) ४१ अंशांना, म्हणजे नुसतं डीपीपीसी वितळतं तिथे, पुन्हा टोकदार पीक दिसू लागलं, म्हणून हे लिहायला घेतलं. एवढं कोलेस्टेरॉल असताना ते पीक पसरून जवळजवळ पुसलं गेलेलं असायला हवं. पहिला संशय पावडरीवर, आणि तेव्हा रेटिंग तीन तारे.

आधी वजनाचं बोलू, कारण निम्मे घोळ इथेच होतात. डीपीपीसीचा रेणुभार ७३४, कोलेस्टेरॉलचा ३८७. वजनाने ३० टक्के घातलं तर मोलमध्ये ते ४५ टक्क्यांच्या आसपास जातं. १० मायक्रोमोल लिपिडमध्ये ३० मोल टक्के हवं असेल तर डीपीपीसी ५.१४ मिग्रॅ आणि कोलेस्टेरॉल १.१६ मिग्रॅ.

कामाच्या बाबतीत तक्रार नाही. कोलेस्टेरॉलचा ओएच गट एस्टरच्या पातळीवर बसतो आणि त्याची ताठ कडी डीपीपीसीच्या मेदसाखळ्यांच्या वरच्या भागाला चिकटून राहते. त्यामुळे ४१ अंशांखालच्या जेल अवस्थेतली घट्ट रचना मोडते, तर त्यावरच्या द्रव अवस्थेतल्या वाकड्या साखळ्या सरळ होतात. डीपीपीसीचं ३५ अंशांचं छोटं पीक ५ मोल टक्क्यांच्या आसपासच जातं. पुढे लिक्विड ऑर्डर्ड अवस्था येते: साखळ्या शिस्तीत, पण रेणू आडवे सरकत राहतात. लिपोसोममधून गळती कमी होते ती यामुळेच. डॉक्सिल या लिपोसोममधल्या कर्करोगाच्या औषधाच्या दर मिलीमध्ये ९.५८ मिग्रॅ एचएसपीसीबरोबर (हेही एक फॉस्फोलिपिड) ३.१९ मिग्रॅ कोलेस्टेरॉल उगाच नाही.

टीएलसी (पातळ थरावर घटक वेगळे करणारी चाचणी) केल्यावर मत बदललं. २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली ७-कीटोकोलेस्टेरॉलचा (कोलेस्टेरॉल हवेत ऑक्सिडाइझ झाल्यावर बनणारा पदार्थ) काळा ठिपका नव्हता, म्हणजे पावडर चांगली होती. दोष फिल्म, म्हणजे फ्लास्कच्या आतला लिपिडचा थर, वाळवण्यात होता, आणि याबद्दल कुणीच पुरेसं बोलत नाही.

लिपिड ज्यात विरघळवलेलं असतं तो क्लोरोफॉर्म उडत जाताना दोन्ही घटक एकाच वेळी बाहेर पडत नाहीत. पाण्याशिवाय कोलेस्टेरॉलचे स्फटिक वेगळे होतात आणि बफर घातल्यावर ते पटलात परत जायला कुरकुर करतात. काही लिपोसोमना जास्त मिळतं, काहींना कमी, आणि ४१ अंशांचं पीक त्या कमीवाल्यांचं असतं. वर एक्सट्रूडरची (लिपोसोम बारीक छिद्रांतून दाबून एका आकाराचे करणारं साधन) १०० नॅनोमीटरची जाळी स्फटिक अडवून ठेवते, त्यामुळे कागदावरचं ४० टक्के प्रत्यक्षात ४० राहत नाही. म्हणून एक्सट्रूजननंतर कोलेस्टेरॉल एन्झाइम किटने आणि डीपीपीसीचं फॉस्फेट बार्टलेट या रासायनिक पद्धतीने मोजाच.

उपाय असा: मोठ्या फ्लास्कमध्ये पातळ फिल्म, रोटाव्हेपरचं पाणी ४५ ते ५० अंश, मग रात्रभर व्हॅक्यूम. बफर आधीच ६० अंशांना तापवून घाला आणि तासभर अधूनमधून व्हॉर्टेक्स करा. लिक्विड नायट्रोजन आणि ६० अंशांचं पाणी यांत पाच ते दहा वेळा गोठवा-वितळवा. एक्सट्रूडरचा ब्लॉकही ६० अंशांनाच हवा, ११ फेऱ्या. थंड ब्लॉकवर दाब वाढतो आणि जाळी फाटते.

५० टक्क्यांच्या वर जायचं असेल तर फिल्मचा नाद सोडा. बफर व्हॉर्टेक्सवर फिरत असताना लिपिडचं द्रावण त्यात घालून क्लोरोफॉर्म व्हॅक्यूमने लगेच ओढून घ्यायचा, म्हणजे कोरडी अवस्था येतच नाही. १९९९ मध्ये याच पद्धतीने दाखवलं गेलं की पीसी (डीपीपीसीच्या कुळातली लिपिडं) पटलात ६६ आणि पीई (दुसरं फॉस्फोलिपिड कुळ) पटलात ५१ मोल टक्क्यांपर्यंतच कोलेस्टेरॉल मावतं. त्यापुढचं स्फटिक होऊन बाहेर येतं. पोलराइज्ड मायक्रोस्कोपखाली चमकणारे चपटे पत्रे दिसतात.

आता साडेचार तारे. अर्धा तारा कापला तो हवेत ऑक्सिडाइझ होण्याच्या सवयीसाठी. पुरवठादाराने शीतपेटीचे वेगळे पैसे लावले तेही खटकलं. कोरडी पावडर साध्या तापमानाला प्रवास सहज झेलते. क्लोरोफॉर्ममधली तयार अँप्यूल महाग पडते, पावडरच घ्या. बाटली आल्यावर लहान काचेच्या कुप्यांत वाटून वर आर्गॉन सोडा आणि उणे २० अंशांना ठेवा. पावसाळ्यात कुपी पूर्णपणे खोलीच्या तापमानाला येण्याआधी उघडू नका, नाहीतर आत दव धरतं आणि पुढचं प्रत्येक वजन चुकतं.