बॅजवाली कौन्सिल की पाळीपाळीची कामं?

जून आला की मुलींच्या कॉन्व्हेंटमध्ये हा विषय निघतोच. हेड गर्ल, हाउस कॅप्टन, शिस्त वगैरे बघणाऱ्या प्रीफेक्ट अशी विद्यार्थिनींची नेहमीची कौन्सिल ठेवायची, की नववीच्या सगळ्याच मुलींना आळीपाळीने कामं वाटायची? मी गणिताचा मास्तर. सिस्टरांनी कौन्सिल माझ्या गळ्यात घातली, म्हणून दोन्ही प्रकार करून पाहिले. निवडणूक घ्यावी की शिक्षकांनी नेमावं, यात शिरत नाही. कसंही केलं तरी बहुतेक वेळा फाडफाड इंग्रजी बोलणारीच निवडली जाते.

कौन्सिलचं सुख मी नाकारणार नाही. कुणाला हाक मारायची ते ठरलेलं असतं. स्पोर्ट्स डे, पाहुणे, फादरांची मिस्सा, सगळं सुरळीत पार पडतं. आणि इन्व्हेस्टिचरच्या, म्हणजे बॅज देण्याच्या समारंभाच्या, सकाळी हातात मेणबत्ती घेऊन शपथ म्हणणाऱ्या लेकीकडे पाहणारे आईबाप बघितले, की ही प्रथा मोडू नये असंच वाटतं.

माझं मन फिरलं ते एका नळामुळे. मधल्या सुट्टीत तो धो धो वाहत होता, पाणी व्हरांड्यात आलेलं. सात-आठ मुली बूट भिजू नयेत म्हणून त्यावरून उड्या मारून जात होत्या. मी एकीला थांबवलं, तर म्हणाली, “सर, डिसिप्लिन प्रीफेक्ट आज अॅबसेंट आहे.” उद्धटपणा अजिबात नव्हता, तिला ते खरंच पुरेसं उत्तर वाटत होतं. मग तेच मला सगळीकडे ऐकू यायला लागलं. रिकाम्या वर्गात पंखे फिरतायत, पहिलीतली पोर पडून रडतेय, आणि बॅजवाली येईपर्यंत बाकीच्या उभ्या. पंधराजणी घडवताना उरलेल्यांना आपण वाट बघायला शिकवतोय की काय, असं वाटलं. कदाचित आमच्याच शाळेचा दोष असेल.

कोलकात्याच्या लोरेटो सियालदाह या मुलींच्या शाळेचं उदाहरण घ्या. सिस्टर सिरिल मूनी 1979मध्ये तिथे मुख्याध्यापिका झाल्या, पुढे 2007मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 1985पासूनच्या ‘रेनबो’ उपक्रमात रस्त्यावर वाढणाऱ्या मुलींना शाळेच्या विद्यार्थिनीच शिकवू लागल्या, तेही शाळेच्या वेळेत. शिकवायला बॅज लागत नव्हता, हे मला त्यात भावलं.

आमची झेप तेवढी नाही. नववीच्या सहा-सहाजणींच्या टोळ्या, तीन आठवडे एक काम: असेंब्ली, वाचनालय, नळ-पंखे, किंवा दुसरीच्या मुलींचा अभ्यास. पहिला महिना नुसता गोंधळ होतो. असेंब्लीत माइकच लागत नाही, मिस लोक कुरकुरतात. पण माझ्याकडे कायम पस्तीसच्या आसपास रेंगाळणारी एक मुलगी बाटलीची झाकणं मांडून हातच्याची बेरीज शिकवताना मी पाहिली. माझ्यापेक्षा बरी शिकवत होती.

शाळा फार मोठी असेल, किंवा समारंभ फार होत असतील, तर कौन्सिलच बरी पडेल. दहावीला यात ओढू नका, बोर्डाचं वर्ष असतं. आम्हीही हेड गर्ल ठेवली आहे, पण पाहुण्यांपुरती. परवा तिच्या टोळीकडे नळ होते, तर सॅश माझ्या टेबलावर टाकून शिपाईमामांकडे वॉशर मागायला गेली. पालक मात्र अजून विचारतात, “सर, याचं सर्टिफिकेट काय मिळणार?”