नॅनोव्हीएनए: शिडाच्या होडीवर एक हंगाम वापरल्यानंतर

जानेवारीत खांदेरीहून गेटवेकडे परतताना अंधार पडला आणि वर धुरकं उतरलं. न्हावा-शेव्याला निघालेलं कंटेनरचं जहाज आम्हाला प्लॉटरवर (नकाशाच्या पडद्यावर) स्वच्छ दिसत होतं. आम्ही त्याला दिसतोय का, हे मात्र कळायला मार्ग नव्हता. रेडिओच्या चॅनल १६ वर, म्हणजे समुद्रावर सगळे ऐकतात त्या वाहिनीवर, हाक दिली. पलीकडून उत्तर आलं, पण ते एवढंच की कोण बोलतंय ते कळत नाही, पुन्हा सांगा. तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा तेच. शेवटी बाबांनी सुकाणू फिरवलं आणि होडी जहाजांच्या वाटेतून बाहेर काढली. धक्क्यावर पोहोचेपर्यंत कोणी काही बोललं नाही.

आमची होडी २८ फुटी. डोलकाठीच्या टोकाला एकच अँटेना, तिच्यावर स्प्लिटरमधून (एक अँटेना दोन सेटना वाटून देणारी डबी) व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे बोलण्याचा, आणि क्लास बी एआयएस, म्हणजे आमचं नाव, जागा आणि वेग इतरांच्या पडद्यावर पाठवणारा आणि त्यांचं आम्हाला दाखवणारा छोट्या होड्यांचा सेट, दोन्ही चालतात. एआयएसचा लाल दिवा अधूनमधून लागायचा. एका कंपनीचा माणूस आला, त्याने दिवा पाहिला आणि सांगितलं, सेट गेलाय, नवा घ्या. पण व्हीएचएफ आणि एआयएस एकदम आजारी पडत असतील, तर दुखणं दोघांत सामाईक असलेल्या ठिकाणी असणार. म्हणजे स्प्लिटर, केबल किंवा अँटेना. ते तपासायला मी हा नॅनोव्हीएनए मागवला. साडेपाच हजार पडले.

तळहातावर मावणारं हे उपकरण आहे. जपानमधल्या एका हौशी तंत्रज्ञाने त्याचं डिझाइन करून ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं, म्हणून आज ते इतक्या स्वस्तात मिळतं. ते केबलमध्ये अगदी बारीक सिग्नल सोडतं आणि त्यातला किती परत आला ते मोजतं. सिग्नल जास्त परत आला, तर तुमची ताकद अँटेनातून बाहेर पडतच नाही. हे प्रमाण एसडब्ल्यूआरमध्ये दिसतं: दीडच्या आत असेल तर छान, तीनच्या वर गेलं तर काहीतरी बिघडलंय.

वापरण्याआधी दोन गोष्टी. सोबत येणाऱ्या तीन टोप्या (उघडी, शॉर्ट आणि ५० ओहमची) लावून कॅलिब्रेट करायचं (म्हणजे मोजमाप बरोबर जुळवून घ्यायचं), आणि फ्रीक्वेन्सीचा पट्टा बदलला की पुन्हा करायचं. होडीवरच्या केबलला पीएल-२५९ कनेक्टर असतो आणि याला एसएमए, त्यामुळे ॲडॉप्टर वेगळा घ्यावा लागतो. मोजताना स्प्लिटर काढून थेट केबललाच जोडा, नाहीतर मोजमाप स्प्लिटरचं होईल. आणि रेडिओ व एआयएसचे फ्यूज काढून खिशात ठेवा. नॅनोव्हीएनए जोडलेला असताना त्यात कोणी ट्रान्समिट केलं, तर तो तिथेच जळेल.

पहिल्या दिवशी चॅनल १६ च्या १५६.८ मेगाहर्ट्झवर एसडब्ल्यूआर ३.४ आला, एआयएसच्या १६२ च्या आसपास त्याहून वाईट. मग टाइम डोमेन नावाची सोय वापरली. केबलचा वेगगुणांक, म्हणजे तिच्यात सिग्नल प्रकाशाच्या वेगाच्या किती पट वेगाने धावतो तो आकडा, भरायचा (आमची जुनी केबल आरजी-५८ जातीची, म्हणून ०.६६), आणि मग आलेखावर अंतर मिळतं. ३.५ मीटरवर उंचवटा दिसला. फूटपट्टी घेऊन गेले, तर नेमका डोलकाठीच्या पायथ्याचा जोड! उघडला तर आत तांबं हिरवंगार. कुठलाही पॅनेल न उचकटता बिघाडाची जागा सापडली, यासाठी या उपकरणाचं करावं तेवढं कौतुक थोडं.

नवा जोड घातल्यावर एसडब्ल्यूआर १.४. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. पण मांडव्याला मित्राच्या होडीवरून विचारलं, तर आम्ही दोन मैलांच्या आत आल्याशिवाय त्याच्या पडद्यावर उमटत नव्हतो. गेटवे ते मांडवा जेमतेम सहा मैल.

इथेच हे यंत्र नवख्याला फसवतं. केबलमध्ये पाणी शिरलं की ती जाताना सिग्नल खाते आणि येतानाही खाते. परत येणारं कमी होतं, म्हणून एसडब्ल्यूआर चांगला दिसतो. खरं पाहायचं तर वरची अँटेना काढून केबलचं टोक उघडं सोडावं. मग सगळा सिग्नल परत यायला हवा. दादा बोसनच्या खुर्चीतून (दोरीने डोलकाठीवर ओढायच्या झोळीतून) वर गेला, अँटेना सोडवली. खाली बाबा आकडे वाचत होते: "अगं, १३ डेसिबल!" हा जाण्यायेण्यात सिग्नलला झालेला तोटा, म्हणजे एका बाजूचा ६.५. रेडिओच्या २५ वॅटपैकी टोकाला पोहोचत होते साडेपाच. एआयएस मुळात दोनच वॅटचा, त्याचा अर्धा वॅटही वर जात नव्हता. जहाजांचे सेट १२.५ वॅटचे आणि त्यांच्या अँटेना उंच, म्हणून ती आम्हाला दिसत राहिली आणि आम्ही त्यांना नाही. जानेवारीतल्या त्या रात्रीचा उलगडा झाला.

जुन्या केबलच्या टोकाला बांधून नवी, जाड आरजी-२१३ केबल डोलकाठीतून ओढली, १५ मीटर. आता एका बाजूचा तोटा दीड डेसिबलच्या आत आहे. जोडांवर रबरी, स्वतःला चिकटणारी टेप गुंडाळली.

उणिवा सांगायलाच हव्यात. माझा पडदा २.८ इंची, दुपारच्या उन्हात काहीही दिसत नाही. मी टॉवेल डोक्यावर घेऊन वाचत होते. घेणार असाल तर चार इंची एच४ घ्या. खाऱ्या वाऱ्यापासून त्याला कसलंच संरक्षण नाही, माझा झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहतो. बटणाचा चिमुकला खटका ओल्या बोटांना दाद देत नाही.

शिवाय याला केबल आणि अँटेनापलीकडचं कळत नाही. बॅटरीपासून रेडिओपर्यंत व्होल्टेज पडतंय का, एआयएसला जीपीएस मिळतंय का, ते वेगळं पाहावं लागतं. एलईडी दिवे रेडिओत जो गोंगाट घालतात, तोही यात दिसत नाही. त्याबद्दल अमेरिकन तटरक्षक दलाने २०१८ मध्ये सूचना काढली होती, आणि तपासायला कान पुरतात: दिवा बंद ठेवून शांत चॅनलवर स्क्वेल्च (रेडिओची खरखर दाबणारं बटण) खरखर थांबेल इतपतच आणायचा, मग दिवा लावायचा. खरखर परत आली, तर दिवा दोषी. आमचा डोलकाठीवरचा नांगरदिवा तसाच निघाला, तो बदलला.

मार्चमध्ये पहाटेच्या मतलई वाऱ्यावर निघालो. गेटवेच्या मुरिंगवरून (होडी बांधायच्या बोयावरून) सुटून अर्धा मैलही झाला नव्हता, तोच मांडव्याहून मित्राचा आवाज आला: दिसताय, नावासकट दिसताय. बाबांनी माझ्या हातातून माइक घेतला आणि त्याला पुन्हा एकदा वेग आणि दिशा वाचून दाखवायला लावली.