पुराव्यांकडून राजवंशांकडे: प्राचीन इतिहासाच्या अभ्यासपद्धतीचा काही महिन्यांचा अनुभव

यूपीएससी मुख्य परीक्षेसाठी इतिहास हा वैकल्पिक विषय घेतल्यापासून मी साताऱ्यातील एका अभ्यासिकेत प्राचीन भारताचा अभ्यास राजवंशांच्या क्रमाने न करता पुराव्यांच्या आधाराने करत आहे. प्रत्येक शिलालेख, ताम्रपट, नाण्यांचा साठा किंवा उत्खननस्थळ यांचे एक कार्ड करायचे, त्यावर ठिकाण, काळ, लिपी, भाषा आणि त्यातून काय सिद्ध होते हे लिहायचे, आणि ते ठिकाण कोऱ्या नकाशावर आठवणीने दाखवायचे, एवढीच ही पद्धत आहे. पहिल्या पेपरात २५० पैकी ५० गुण नकाशावरील २० ठिकाणे ओळखून प्रत्येकावर सुमारे ३० शब्दांची टीप लिहिण्याला असतात, त्यामुळे कार्डावरचा मजकूर जवळजवळ तसाच उत्तरात उतरतो.

परंतु खरा लाभ दीर्घोत्तरी प्रश्नांत होतो. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या मुलाने, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने, क्षहरात या क्षत्रप वंशाचा उच्छेद केल्याचे म्हटले आहे. मात्र तो आईने केलेला गौरव असल्याने एकट्या त्यावर विसंबता येत नाही. नाशिक जिल्ह्यातच जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षहरात राजा नहपान याची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. ही दोन कार्डे शेजारी ठेवली की सातवाहन-क्षत्रप संघर्षाचे उत्तर पाठांतराशिवाय उभे राहते, आणि माझ्या मते परीक्षकाला अपेक्षित असलेले विवेचन हेच आहे. चालुक्य राजा पुलकेशी दुसरा आणि उत्तरेचा सम्राट हर्ष यांच्या संघर्षाबाबतही असेच होते: इ. स. ६३४ च्या ऐहोळे लेखात पुलकेशीचा दरबारी कवी रविकीर्ती याने केलेली राजस्तुती आणि चिनी प्रवासी युआन श्वांगचे वृत्तांत एकमेकांशी ताडून पाहता येतात.

आपल्या भागात राहून हा अभ्यास करण्याचे विशेष समाधान आहे. कऱ्हाडजवळची आगाशिवची लेणी, मध्य प्रदेशातील भारहूत स्तूपाच्या दानलेखांत आढळणारे 'करहाकट' हे कऱ्हाडशी जोडले जाणारे नाव, राष्ट्रकूट कृष्ण तिसरा याचा कऱ्हाड ताम्रपट आणि पुलकेशीचा धाकटा भाऊ विष्णुवर्धन याचा सातारा ताम्रपट ही कार्डे मला पुन्हा उघडून पाहावी लागत नाहीत.

मर्यादाही स्पष्ट आहेत. वैदिक वाङ्मय, दर्शने, वर्णव्यवस्थेतील बदल हे विषय नकाशावर मावत नाहीत, आणि त्यांच्यासाठी मी शतकवार कालपट व प्रश्नोत्तरांचा सराव असा निराळाच मार्ग धरला आहे. हडप्पा संस्कृतीची लिपी अद्याप वाचली गेलेली नसल्याने तेथे भाषेचा रकाना रिकामाच ठेवावा लागतो आणि धोलावीराचे जलाशय किंवा कालीबंगनची नांगरलेली जमीन अशा अवशेषांवरच भर द्यावा लागतो. केवळ राज्यसेवा पूर्व परीक्षा देणाऱ्यांना, जिथे इतिहास हा अनेक घटकांपैकी एक असतो, एवढा वेळ घालवण्याची गरज मला वाटत नाही.

सुरुवात करणाऱ्यांनी कोऱ्या नकाशावर आधी नर्मदा, गोदावरी, कृष्णा आणि गंगा काढाव्यात व मगच ठिकाणे भरावीत. कार्डाच्या मागे 'यावरून काय सिद्ध होत नाही' ही एक ओळही लिहावी. 'चिकित्सक परीक्षण करा' असे सांगणाऱ्या प्रश्नांत मला सर्वांत जास्त उपयोग त्याच ओळीचा होत आहे.