जमिनीखालच्या पाइपलाइनची तपासणी: एका सर्वेक्षण सेवेचा वर्षभराचा अनुभव

बोरी आणि पांझरा या नद्यांच्या दरम्यान, अमळनेर आणि शिंदखेडा तालुक्यांच्या शिवारांतून जाणाऱ्या नैसर्गिक वायूच्या पाइपलाइनचा ३८ किलोमीटरचा पट्टा माझ्याकडे देखभालीसाठी आहे. गेल्या वर्षी या पट्ट्याचे जमिनीवरून सर्वेक्षण करणे, गंजरोधक विद्युतसंरक्षणाची, म्हणजे आमच्या रोजच्या बोलण्यातल्या सीपीची तपासणी करणे आणि नियामक मंडळासाठी लागणारी कागदपत्रे तयार करणे, ही तिन्ही कामे आम्ही जळगावात कार्यालय असलेल्या एका तपासणी संस्थेकडे सोपवली. करारातील गोपनीयतेच्या अटीमुळे संस्थेचे नाव देता येत नाही. तरीही हा अनुभव लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते, कारण अशा सेवेची निविदा उघडताना दराखेरीज नेमके काय पाहावे, हे मला कामाला लागल्यावरच कळले. माझे मत आधीच सांगतो: शेतातल्या कामासाठी मी याच संस्थेला पुन्हा बोलावीन, कागदपत्रांसाठी मात्र नाही.

या कामाचा पसारा किती वाढला आहे, ते थोडक्यात सांगायला हवे. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाचा कायदा २००६ चा. त्यानंतर नैसर्गिक वायूच्या पाइपलाइनसाठी तांत्रिक व सुरक्षा मानकांचे विनियम २००९ मध्ये आले, आपत्कालीन प्रतिसाद व आपत्ती व्यवस्थापन आराखड्याचे २०१० मध्ये आणि पाइपलाइनच्या अखंडता व्यवस्थापनाचे २०१२ मध्ये. याशिवाय तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाचे २२६ क्रमांकाचे मानक आहेच. प्रत्येकाला आपापल्या नमुन्यात माहिती हवी असते, आणि एकाच टेस्ट पॉइंटचे (पाइपला जोडलेल्या केबली मोजमापासाठी जिथे वर आणलेल्या असतात, त्या खांबाचे) एकच रीडिंग तीन वेगवेगळ्या तक्त्यांत उतरवावे लागते. हे काम कटकटीचे आहे, पण अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. आंध्र प्रदेशातील नगरम येथे २७ जून २०१४ रोजी वायूवाहिनीचा स्फोट होऊन वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हापासून मी कोणत्याही तपासणीला फाजील म्हणणे सोडून दिले आहे.

प्रश्न वेगळाच आहे. नियम वाढले की कागद वाढतो, आणि कागद भरून देणाऱ्यांचीही संख्या वाढते. या संस्थेच्या आधी आमच्याकडे दुसरी एक एजन्सी होती. तिच्या अहवालात बोरीकाठच्या एका टेस्ट पॉइंटवर उणे १०५० मिलिव्होल्ट असे रीडिंग नोंदवलेले होते. मी स्वतः त्या ठिकाणी गेलो, तेव्हा ट्रॅक्टरच्या धक्क्याने तो खांब आडवा पडलेला होता, आतल्या दोन्ही केबली तुटून मातीत गेल्या होत्या आणि टर्मिनलवर गंजाचा जाड थर चढलेला होता. शेतकऱ्याने सांगितले की खांब दिवाळीच्या आधीच पडला. अहवाल फेब्रुवारीचा होता. आदल्या वर्षीचा अहवाल काढून पाहिला, तर त्यात हाच आकडा होता. त्या दिवशी मला झोप लागली नाही, कारण त्या अहवालाखाली मंजुरीची सही माझी होती.

म्हणून नव्या संस्थेकडे पहिली अट घातली ती अशी की, प्रत्येक रीडिंगच्या वेळी मीटरचा आणि टेस्ट पॉइंटच्या क्रमांकाचा एकत्र फोटो, वेळ आणि स्थान यांसह मिळालाच पाहिजे. त्यांनी ती अट विनातक्रार मान्य केली आणि शेवटपर्यंत पाळली.

सर्वेक्षणासाठी चार मुलांची तुकडी आली. चौघेही खानदेशातलेच, आणि याचा फायदा पहिल्याच सकाळी दिसला. वेचणी झालेल्या कापसाच्या शेतातून टेस्ट पॉइंटपासून मीटरपर्यंत जोडलेली तांब्याची बारीक तार सोडत ते निघाले, तेव्हा बांधावरून एक आबा ओरडले, "भाऊ, हाई काय करी राह्यनात?" मुलांनी अहिराणीतच उत्तर दिले, पाइप खराब झालेला नाही ना ते पाहतो आहोत, शेताला खणायचे नाही, असे समजावले, आणि आबांनी पुढच्या तीन शेतांच्या मालकांना स्वतःच निरोप दिला. याच शिवारात मागच्या तुकडीला एक संपूर्ण दिवस परवानगीसाठी थांबावे लागले होते.

कामाची पद्धत पाहण्यासारखी होती. पाइपला विद्युतप्रवाह देणारे ट्रान्सफॉर्मर-रेक्टिफायर जिथे जिथे आहेत, तिथे त्यांनी उपग्रहाच्या घड्याळावर चालणारे इंटरप्टर बसवले, जेणेकरून सगळीकडचा प्रवाह एकाच क्षणी बंद आणि एकाच क्षणी सुरू व्हावा. प्रवाह बंद झाल्याच्या क्षणी जे रीडिंग मिळते, तेच खरे. प्रवाह चालू असतानाच्या आकड्यात मातीतून जाताना पडणारा व्होल्टेजचा फरक मिसळलेला असतो आणि तो नेहमी चित्र आहे त्याहून बरे दाखवतो. तांबे आणि मोरचुदाच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ८५० मिलिव्होल्ट किंवा त्याहून अधिक उणे आकडा आला, म्हणजे त्या जागी पोलादाला पुरेसे संरक्षण आहे, असे मानतात. आधीच्या एजन्सीचे सगळे आकडे चालू प्रवाहाचे होते, हे मला या तुकडीच्या प्रमुखाने दाखवून दिल्यावर उमगले.

आपल्या काळ्या मातीचा एक खास त्रास इथे सांगायला हवा. मार्चमध्ये या मातीला बोटभर रुंदीच्या भेगा पडतात. इलेक्ट्रोडचा सच्छिद्र तळ कोरड्या ढेकळावर टेकवला, तर मीटरवरचा आकडा नाचत राहतो, आणि घाईत असलेला माणूस त्यातला सोयीचा आकडा लिहून मोकळा होतो. या मुलांपैकी एकाच्या खांद्यावर पाण्याचा कॅन असे. तो पायाने भुसभुशीत माती बाजूला सारी, ओंजळभर पाणी ओती, ते जिरेपर्यंत थांबे आणि मग इलेक्ट्रोड टेकवी. दिवसातून दोनदा ते इलेक्ट्रोड उन्हात धरून आत न विरघळलेले निळे खडे शिल्लक आहेत ना, हे पाहत, कारण द्रावण संपृक्त नसेल तर मोजमापच चुकते. अशा सावकाशीमुळे ३८ किलोमीटरला ठरलेल्या बारा दिवसांऐवजी सतरा दिवस लागले. त्या पाच दिवसांचा दंड मी लावला नाही.

कोटिंगमधले, म्हणजे पाइपवरच्या संरक्षक थरातले दोष शोधण्यासाठी त्यांनी डीसीव्हीजी, म्हणजे मातीतल्या व्होल्टेजच्या चढउतारावरून दोषाची जागा हेरण्याची पद्धत वापरली. त्यात एकूण अकरा जागा निघाल्या. त्यातल्या बहुतेक किरकोळ होत्या, पण एका जागी दोषाची तीव्रता ४२ टक्के आली. ३५ टक्क्यांच्या वरचा दोष दुरुस्तीच्या यादीत घ्यावा, असा साधारण प्रघात असल्याने तिथे खड्डा घ्यायचे ठरले. शेतकऱ्याला नुकसानभरपाई देऊन खणायला सुरुवात केली. शेवटचे हातभर अंतर यंत्राने न खणता मजुरांकडून हाताने माती काढून घेतली, आणि हा आग्रह संस्थेच्या प्रमुखाचा होता. मूळ नकाशात पाइपवर १.२ मीटर माती दाखवलेली होती. प्रत्यक्षात ती ८० सेंटीमीटरही नव्हती, कारण मधल्या काळात शेत सपाट करून घेतलेले होते. पाइप उघडा पडल्यावर वरच्या बाजूला वीतभर लांबीचा तिरका ओरखडा दिसला. ठिबकची मुख्य नळी टाकताना जेसीबीच्या दाताने कोटिंग फाडलेले होते. फटीत ओल धरलेली काळी माती घट्ट बसली होती, आणि ती ब्रशने काढल्यावर पोलादावर दोन खळगे निघाले. त्यातला खोल खळगा मोजला, तेव्हा ०.६ मिलिमीटर भरला. पाइपची जाडी ७.१ मिलिमीटर. घासून स्वच्छ करून, उष्णतेने आकसणारी स्लीव्ह चढवून आणि कोटिंगमधली बारीक छिद्रे दाखवणाऱ्या होलिडे डिटेक्टरने पुन्हा तपासूनच खड्डा बुजवला. धोका मोठा नव्हता, पण आणखी दहा वर्षे कोणाला कळले नसते, तर तो मोठा झाला असता.

शेतकऱ्याला मी दोष देत नाही. १९६२ च्या कायद्यानुसार जमिनीची मालकी त्याचीच राहते. पाइपलाइनच्या पट्ट्यात त्याने बांधकाम करू नये, विहीर किंवा तळे खणू नये, झाड लावू नये, एवढेच बंधन असते. जमीन वडिलांच्या नावावरून मुलाच्या नावावर झाली की हे बंधन सांगणारे कोणी उरत नाही. संस्थेने सर्वेक्षणाबरोबर पट्ट्यातील अतिक्रमणांचीही यादी दिली, आणि ती आमच्या स्वतःच्या गस्तीच्या नोंदींपेक्षा अचूक होती: दोन ठिकाणी शेवग्याची रांग, एका ठिकाणी गोठ्याचा पाया. खणण्याआधी सूचना देण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप आणले आहे. जेसीबीच्या मालकांना ते फोनवर टाकून द्यायचे काम आम्ही आता गावोगाव हाती घेतले आहे.

विजेच्या उच्चदाब वाहिनीला समांतर जाणाऱ्या सहा किलोमीटरमध्ये त्यांनी पाइपवरचा एसी व्होल्टेजही मोजला. माणसाच्या सुरक्षिततेसाठी १५ व्होल्टची मर्यादा धरतात. एका टेस्ट पॉइंटवर ११ आला. करारात हे मोजमाप नव्हते. त्यांनी ते आपणहून केले आणि उन्हाळ्यात वाहिनीवर भार वाढेल तेव्हा पुन्हा मोजा, असे लेखी कळवले.

एक गोष्ट मात्र सेवा घेणाऱ्याने नीट समजून घ्यावी. हे सगळे सर्वेक्षण पाइप बाहेरून पाहते. नगरमच्या वाहिनीत गंज आतून लागला होता, कारण कोरड्या वायूसाठीच्या वाहिनीतून पाण्याचा अंश असलेला वायू जात होता. आतला गंज डीसीव्हीजीला दिसत नाही; त्यासाठी पाइपमधून मोजमाप करणारा पिग, म्हणजे आतून पुढे सरकणारे यंत्र, सोडावा लागतो. संस्थेच्या विक्री प्रतिनिधीने पहिल्या बैठकीत 'संपूर्ण आरोग्य तपासणी' असा शब्द वापरला होता. त्यांच्या तांत्रिक प्रमुखाने अहवालात मर्यादा स्पष्ट लिहिल्या, पण त्या बाविसाव्या पानावर होत्या. माझ्या मते त्या पहिल्याच पानावर हव्यात.

आता कागदपत्रे. इथे संस्थेने आमची निराशा केली. अंतिम अहवाल सात आठवडे उशिरा आला, आणि आला तेव्हा त्यात आमच्या पाइपलाइनला लागू असलेल्या २०१२ च्या विनियमांऐवजी शहरी वायू वितरणासाठीच्या २०१३ च्या विनियमांचा संदर्भ जागोजागी होता. दुसऱ्या ग्राहकाचा मसुदा उचलून त्यात आमचे आकडे भरले, हे उघड दिसत होते. आपत्कालीन आराखड्याच्या परिशिष्टात जवळच्या रुग्णालयांची यादी होती. तिच्यातला एक दूरध्वनी मी लावून पाहिला, तर तो एका किराणा दुकानाचा निघाला. ही चूक लहान म्हणता येणार नाही, कारण ज्या रात्री ती यादी उघडायची वेळ येईल, त्या रात्री दुरुस्त करायला सवड नसेल. तक्रार केल्यावर त्यांनी माफी मागितली आणि पंधरा दिवसांत सुधारित प्रत दिली, पण तोपर्यंत तृतीय पक्षाच्या ऑडिटची तारीख आम्हाला पुढे ढकलावी लागली होती.

दराच्या बाबतीत ही संस्था आलेल्या चार निविदांमध्ये दुसऱ्या क्रमांकाने महाग होती. खड्डा घेण्याचा, मजुरांचा आणि पीक नुकसानीचा खर्च वेगळा पडतो. तो अंदाजपत्रकात आधीच धरावा. निविदेत प्रवाह बंद असतानाचे रीडिंग, फोटोची अट आणि तुकडी प्रमुखाची शेतातील प्रत्यक्ष हजेरी, हे तिन्ही मुद्दे शब्दशः लिहून घ्यावेत. कच्ची माहिती मूळ फाइलच्या स्वरूपात मागावी, केवळ छापील आलेख स्वीकारू नयेत.

येत्या वर्षासाठी आम्ही करार विभागला आहे. आराखडे आणि अर्ज आमच्याच कार्यालयातील दोघेजण तयार करत आहेत, आणि यादीतला प्रत्येक दूरध्वनी दर तीन महिन्यांनी लावून पाहण्याची जबाबदारी त्यांच्यातल्या एकाकडे आहे. सर्वेक्षणासाठी तीच तुकडी पावसाळा संपल्यावर, भेगा मिटलेल्या असताना येणार आहे. दुरुस्त केलेल्या त्या जागेवरून पहिली तार सोडायची, असे ठरले आहे.